आधी सर्च, मग प्रश्न

जीप दारात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, आणि बाबा मात्र आतल्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे होते. आई हाका मारत होती, ड्रायव्हर कसारा घाटात ट्रॅफिक लागेल म्हणून कुरकुरत होता. मी आत गेलो तर बाबा म्हणाले, "याचं काय करायचं रे?" मी घाईत म्हणालो, "कव्हर घालून ठेवा." ते कव्हर आईनं उरलेल्या पडद्याच्या कापडातून शिवलेलं, हिरव्यावर पांढरी पानं. बाबांनी ते घातलं, चारही कोपरे खाली ओढले आणि मगच मला निरोप द्यायला बाहेर आले. नाशिकच्या जेलरोडवरच्या घरातून मी कायमचा बाहेर पडलो तो असा.

मंडळी, आपल्या फोरमवर परत एकदा "तुमचं पहिलं मशीन" हा धागा वर आलाय. कुणी फ्लॉपी ड्राइव्हच्या करकरीची आठवण काढतंय, कुणी टर्बो बटणाची. मी इथलं जुनं खोड, डॉसवाला या नावानं तुमच्या डोक्यावर बसलेला. तरी इतकी वर्षं या धाग्यात मी काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण इथंच मला कुणीतरी एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याला उडवून लावलं होतं.

माझं पहिलं मशीन म्हणजे एका बंद पडलेल्या ऑफिसातून बाबांनी आणलेलं ४८६. बाबा रेल्वेत, सिग्नल खात्यात. रोज नाशिकरोड ते मनमाड अप-डाऊन. मूळचे दिंडोरीकडचे, त्यामुळे घरात बोलणं गावाकडचं. मी मशीन उघडून बसलो की डबा हातात तसाच धरून मागे उभे राहायचे. "लय गरम होतंय रे हे," एवढंच म्हणायचे. काय करतोस, कशासाठी करतोस, कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना यातलं काही कळत नाही.

मग कॅनडातलं एडमंटन. पहिल्या हिवाळ्यात मी बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. खिडकी छताला लागून, आणि तीही स्नोनं झाकलेली. ऑफिसातले लोक चांगले होते, पण "हाऊ आर यू" म्हणून उत्तर यायच्या आत पुढे जायचे. आठवडाभर माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा नाही. त्या दिवसांत हा फोरम सापडला. तुम्ही कुणी लातूरचे, कुणी दुबईचे, कुणी न्यू जर्सीचे. चेहरे माहीत नाहीत, पण मदरबोर्डवरून भांडायला हक्काचे. ऑफिसातून आलो की बर्फ उपसायचं शॉव्हेल दाराशी टेकवून, बूट न काढता आधी लॉगिन करायचो. सांगायला लाज वाटते, पण घरच्या फोनपेक्षा मी तुमच्या रिप्लायची जास्त वाट बघायचो.

घरचा फोन रविवारी. बाबांचे प्रश्न ठरलेले. जेवलास का, थंडी किती. मग "घे, आईशी बोल." एकदा त्यांनी विचारलं, "इतका वेळ त्या कॉम्प्युटरवर काय करतो?" तेव्हा मी फोरमचं नाव आणि माझं इथलं नाव मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. पुढच्या एका फोनवर ते म्हणाले, "ते तुझं मशीन..." मी म्हणालो, "बाबा, नंतर बोलू." ते नंतर काही आलं नाही.

इकडे मी तुमचा बॅटरीतज्ज्ञ झालो होतो. जुन्या बोर्डवर सोल्डर केलेली निळी बॅटरी असते. मशीन बंद ठेवलं की ती कधीतरी पाझरते आणि बोर्ड खाऊन टाकते. म्हणून ठेवणीतल्या मशीनची बॅटरी आधी काढा, हे मी इतक्यांदा लिहिलं की नंतर नंतर नवा माणूस दिसला की डोकंच फिरायचं. "आधी सर्च, मग प्रश्न" हे माझंच वाक्य. तुम्ही लोकांनी त्याचा स्टिकर केलात आणि मी शेफारलो. पण स्वतःच्या मशीनची बॅटरी काढायला सांगावं, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. सुट्टीत पाच वेळा घरी गेलो. दर वेळी माझी बॅग त्याच हिरव्या कव्हरवर ठेवायचो, कारण खोलीत दुसरी जागा नव्हती.

बाबा यंदा गेले. दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, "मी तुझ्या ताईकडं दिंडोरीला ऱ्हाते. घर भाड्यानं देऊ. त्या मशीनचं तुझं तू बघ." मी कव्हर काढलं. आत काय असणार हे मला तुमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. हिरवा चिखल, कुजलेल्या तारा. स्क्रू काढले, पत्रा सरकवला.

बोर्ड स्वच्छ होता. बॅटरीची जागा रिकामी. बाजूला दोऱ्यानं बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात ती निळी बॅटरी आणि रेल्वेच्या डायरीचं एक पान. बाबांचं अक्षर. वर लिहिलं होतं: "आधी सर्च, मग प्रश्न. (डॉसवाला)". खाली माझ्याच जुन्या पोस्टमधल्या पायऱ्या, एकेक करून उतरवलेल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. मग सिग्नल दुरुस्तीच्या रजिस्टरात लिहितात तसं:

"बॅटरी कापून काढली. किंचित डाग होता. व्हिनेगर मिळाले नाही, लिंबू वापरले. हार्ड डिस्कच्या पट्टीवरील आकडे खाली दिले आहेत. माहिती आहे तशी असावी. मुलगा आल्यावर तपासणे."

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. आई दारात आली. "तू जाऊन दोन वर्षं झाली होती. लिंबू मागितलं तं मला वाटलं सरबत करायचंय," ती म्हणाली. "तं बशी आन् जुना ब्रश घेऊन बसले आत. त्याच्या आधी महिनाभर ड्युटीवरून येताना स्टेशनजवळच्या सायबरवर थांबायचे. म्हटलं काय करता, तं म्हणे, पोराचं लिहिलेलं वाचतो."

मी फोनवर आपला फोरम उघडला. मला निघून दोन वर्षं झाली होती तेव्हाच्या बॅटरीवरच्या पोस्ट शोधल्या. नाव manmadkar. एकूण पोस्ट: एक. रोमन अक्षरांत, एका बोटानं टाइप केल्यासारखी. इथं देवनागरीत देतो:

"नमस्कार. ४८६ मशीन दोन वर्षे बंद आहे. मुलगा परदेशी असतो. बॅटरी काढावी काय? काढल्यास त्याची आतील माहिती जाईल काय? कळावे."

कुणीतरी खाली लिहिलं होतं, "लोभ असावा राहिलं काका," आणि हसरे चेहरे. तो माणूस काका आहे एवढं तरी त्याला कळलं. त्याखाली माझा स्टिकर. मला तो दिवस आठवत नाही. "बॅटरी" एवढा शब्द दिसला असेल, पुढचं वाचलंच नसेल. माझा बाप मला फोनवर सापडला नाही म्हणून इथं शोधत आला, आणि मी त्याला सर्च करायला सांगितलं. त्यानं केला. रागवला नाही, रविवारी कधी बोललाही नाही.

मी मशीन चालू करून पानावरचे आकडे भरले, म्हणजे त्याला हार्ड डिस्क ओळखता आली. मेमरी मोजत ते सावकाश वर आलं आणि आतलं सगळं होतं तसं निघालं. फक्त तारीख चुकीची होती.

आता मी एडमंटनला परत आलोय. जेलरोडला कुलूप आहे. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अडखळतो. खरं सांगू का, मला त्या एका पोस्टचं पानच घर वाटतं. तिथं अजून कुणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलंय.

जुने धागे उकरू नयेत हा नियम मीच केला होता. आज तो मोडतोय. रिप्लायवर टिचकी मारली तर फोरमनं मलाच विचारलं: हा धागा फार जुना आहे, उत्तर द्यायची खरंच गरज आहे का?

हो म्हणालो, आणि लिहिलं:

"बाबा, बॅटरी काढावी. माहिती जात नाही, फक्त तारीख जाते. लिंबू चालतं. मुलानं येऊन तपासलं, उशिरा. मशीन चालू आहे. कळावे."