तिसऱ्या विहिरीचं औषध

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून या चार ओळी लिहायचं धाडस करतोय. चुकलं तर मोठ्यांनी माफ करावं.

त्या वर्षी तेरणा नदीकाठच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. माझी उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. पाटलांनी पाणी शुद्ध करायला विहिरींत टाकायची औषधाची लाल पूड माझ्या हाती दिली. "कालेजात शिकतूस, तर एवढं गावाचं काम कर," म्हणाले.

गावातल्या दोन विहिरींत मी पूड टाकली. तिसरी विहीर धनगरवस्तीवर होती. तिथं एक म्हातारी आडवी आली.

"उद्या खंडोबाला न्हाऊ घालायचंय. लाल पाण्यानं घालू व्हय रं? परवा टाक की, सायेब!"

भोवतालच्या बाया हसल्या. साथ परवापर्यंत थांबणार नाही, हे मला कळत होतं. पण म्हातारीला तसं सांगायचा धीर झाला नाही. उरलेली पुडी खिशात घालून मी परतलो.

"तिन्ही हिरीत टाकलंस का?" पाटलांनी विचारलं.

"व्हय, टाकलं."

पाटलांनी काम माझ्यावर सोपवलं होतं, म्हातारीवर नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या गावी निघून आलो.

पंधरा दिवसांनी वडिलांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. वस्तीवर पटकीनं ती म्हातारी आणि तिची सून गेली होती. औषध टाकूनही असं कसं झालं, असं पाटील मला विचारत होते.