खाडीच्या बरणीत मुठेचे झिंगे

आपल्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाच्या संगमावरच्या बंगल्यात एक डाक्तर होता. समुद्रातले नखाएवढे जीव भिंगाखाली धरायचे, पाय मोजायचे, नांग्या मोजायच्या आणि एका जातीचे ते दारू भरलेल्या एका बरणीत घालायचे, हा त्याचा उद्योग. मी कसब्यातल्या तांबटाचा मुलगा, हात बारीक कामाला बसलेला, म्हणून चित्रं काढायला मला ठेवलं. तोवर मी जकातीविरुद्ध कागद लिहून चावडीच्या भिंतीला चिकटवत असे. त्याच हाताने साहेबाची चाकरी केली, हे आधीच सांगून टाकतो.

काम मला आवडलं. लपवायचं कशाला? जवळा आणि कोळंबीचं पिल्लू ताटात सारखंच दिसतं. भिंगाखाली मात्र जवळ्याला पायांच्या तीनच जोड्या, कोळंबीला पाच. कुणाच्या पोटाची दुसरी वळी पहिलीवर चढलेली, कुणाची तिच्याखाली दबलेली. दोन महिन्यांत माझी नजर साहेबाच्या पुढे गेली आणि ते मला कळलं. तिथेच घात झाला.

बरण्या कोकणातल्या एका खाडीवरून एक कोळी तांडेल, होडीचा म्होरक्या, आणायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. जवळा किती सापडला हे साहेब त्याला कधी विचारत नसे. कुठे सापडला, खाडीच्या तोंडावरच्या आपल्या किल्ल्याच्या अलीकडे की पलीकडे, भरतीला की ओहोटीला, एवढंच. मी दर खेपेला ऐकत होतो आणि कुंचला धूत होतो.

त्या दिवशी तांडेलाने बरणी ठेवली. "किल्ल्याच्या मागली, वरल्या वळनाची. गोडं पानी हाय तिथं. जवला नाय."

साहेब चिठ्ठी लिहू लागला. मी भिंग लावलं. नांग्यांच्या टोकाला केसांचे झुबके! असले झुबके लहानपणापासून बघतोय. लकडी पुलाखाली फडकं धरलं की मूठभर येतात.

"हे खाडीचे नव्हेत," मी मोठ्याने म्हणालो. "हे आमच्या मुठेचे झिंगे. दारूत पडून दिवससुद्धा झाला नसेल, अजून पुरते पांढरेही पडले नाहीत!"

आणि हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. साहेबाने चिठ्ठी फाडली. तांडेलाकडे बघत म्हणाला, "तू जा. पुन्हा येऊ नको."

मी फाटकापाशी तांडेलाला गाठलं.

"कशाला बोललास रं पोरा?"

"पण मामा, तुम्ही खोटं सांगितलंत."

"खोटंच. वरल्या वळनाला बी जवलाच घावला. जवला जातो तिथवर भरती जाते, नि भरती जाते तिथवर रातोरात या साहेबांची गलबतं. किल्ल्याच्या तोफा सगल्या समुद्राकडं. मागं आमची घरं."

मी तसाच आपल्या सरकारवाड्यावर गेलो. सरकारी कारकून सुपारी कातरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जवळ्याच्या तंगड्या मोजून किल्ला घेणार म्हणता? वा! मग आम्ही आरमार उगीच पोसतो."

"अहो, भरती..."

"आपण चित्रकार ना? मग चित्रं काढा."

या माणसाला दौलतीची काळजी वाहायला बसवलंय! मी कागद लिहिला, चावडीला लावला. वाचणाऱ्या एकाने मला विचारलं, "किल्ला पडला तर सुकट स्वस्त होईल काय हो?" दुपारपर्यंत कागद कुणीतरी फाडून टाकला.

पंधरवड्याने साहेबाची स्वतःची दोन माणसं त्या वळणावरून बरणी घेऊन आली. साहेबाने भिंग माझ्या हाती दिलंच नाही. स्वतः पाय मोजले. तीन जोड्या. मग नकाशा उलगडला आणि किल्ल्याच्या मागे, वरच्या वळणाशी, तांबडा ठिपका दिला.

"तुझी नजर चांगली," मला म्हणाला.

फळीवर सात रिकाम्या बरण्या धुऊन ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर एकेका खाडीचं नाव. त्यांतल्या चार खाड्यांच्या तोंडाशी आपले किल्ले आहेत, हे मला ठाऊक होतं. उरलेल्या तिन्हींचं कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही.