दंडाची पट्टी

माझ्या भाचीच्या पायाला पहिल्यापासून भिंगरी, म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं. नोकरी सोडून जग बघायला निघाली आणि पहिल्याच देशात, भंगार वेचणाऱ्यांच्या एका वस्तीत रुतून बसली. फोनवर विचारलं की 'मुलांना खाऊपिऊ घालते' एवढंच उत्तर. तिच्या आईने हाय खाल्ली. तिला परत आणायला पाठवलं कुणाला, तर मला. बिनलग्नाची मावशी म्हणजे रिकामीच, असा आमच्याकडे समज आहे.

मी पोचले तेव्हा बाईसाहेब पत्र्याच्या शेडमध्ये लहान पोरांचे दंड मोजत होत्या. दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळायची. माप लाल रंगावर आलं तर पोर कुपोषित, त्या घराला दर आठवड्याला पीठ आणि तेल. हिरव्यावर गेलं की पोर सुधारलं, पीठ बंद. ज्या संस्थेकडून पीठ यायचं तिचाच हा नियम. सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच, त्यामुळे मलाही तो रास्त वाटला.

"ही माझी चिमणी," भिंगरीने एका पोरीला पुढे घेतलं. नुसती हाडं. "इतके महिने पीठ जातंय हिच्या घरी, पण अंगाला काही लागतच नाही गं मावशी. डॉक्टर म्हणतात आजार नाही."

त्या संध्याकाळी पीठ पोचवायला मीही गेले. एका खोलीत आई आणि पाच मुलं. चिमणी सगळ्यांत धाकटी. आई वाढत होती. थोरल्या चौघांच्या ताटल्या भरल्या, चिमणीच्या ताटलीत दोन घास पडले. मी भिंगरीकडे बघितलं.

तिने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाईने मान वर न करता उत्तर दिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणते, हिचा दंड भरला की पीठ बंद. मग या चौघांना काय घालू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चांगलं फैलावर घेणार होते मी त्या बाईला. मग दिसलं की पातेलं रिकामं झालंय आणि तिने स्वतःला ताटलीच घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने संस्थेच्या साहेबांना फोनवर हातापाया पडून विनवलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले.

"पट्टी जरा आवळून धरू का गं?" तिने मला विचारलं. "पण मग दुसऱ्या कुणाचं तरी पीठ जाईल."

शेवटी तिने एक अंडं उकडलं, चिमणीला शेडच्या मागे नेलं आणि सोलून हातात दिलं. पोरगी अंड्याकडे बघत राहिली. खाल्लं नाही. बाही वर सारून तिने दुसरा हात पुढे केला आणि हळूच काहीतरी विचारलं.

मी विचारल्यावर भिंगरी म्हणाली, "आधी मोजून घे म्हणते. मग खाईन."