ऑइलचा नट

सांगवीचा भानुदास ट्रकवर चढला तो मिसरूड फुटायच्या वयात, क्लीनर म्हणून. पुढं ड्रायव्हर झाला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर, पन्नाशी दिसू लागली तेव्हा कुठं स्वतःचा ट्रक दारात उभा राहिला. जुना होता, पण स्वतःचा होता. त्या दिवशी त्यानं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, बायकोला, अंजलीला, शेजारच्या सीटवर बसवलं आणि ट्रक थेट बारामतीला मोहनतात्यांच्या गॅरेजवर नेला. कौतुक करून घ्यायला त्याला तेच एक ठिकाण माहीत होतं.

मोहनतात्या मिस्त्री. क्लीनर असताना भानुदास गाडी घेऊन त्यांच्याकडं जायचा, तेव्हा दुपारी ते स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवायचे. गावात पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं असे ते दिवस. ती भाकरी भानुदास विसरला नाही. दर जयंतीला तात्या सांगवीला येत, मांडी घालून जेवत, आणि अंजलीच्या हातच्या आमटीला नावाजून जात. वस्तीतली माणसं म्हणायची, "भानुदासचं आन् त्या मिस्त्र्याचं सख्ख्या भावासारखं हाय."

एका उन्हाळ्यात ट्रकचं ऑइल गळायला लागलं, तसा त्यानं तो गॅरेजला लावला. आता गॅरेज तात्यांचा मुलगा अविराज बघत होता. तात्यांना कमी दिसायचं, हातालाही कंप होता. ते दारातल्या खुर्चीवर बसून असत. पण भानुदासची गाडी म्हटल्यावर उठले.

"ह्या गाडीला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय," ते म्हणाले आणि ट्रकखाली शिरले.

अविराजच्या कपाळाला आठी पडली. भानुदासला तर बरंच वाटलं. खालचा नट सोडून जुनं ऑइल काढलं, गॅस्केट बदललं, नवीन ऑइल भरलं. गाडी चालू करून तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "जा आता बिनघोर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास निमगाव केतकीला गेला. तिथं एका बागायतदाराची डाळिंबं भरली. त्या बागेचा माल गेली कितीतरी वर्षं तोच सोलापूरच्या बाजूला पोचवत होता. इंदापूर मागं टाकून तो हायवेला लागला, चढ आला, आणि गाडीचा जोर एकदम गेला. खालून लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक दणका. इंजिन जाम झालं. स्टार्टर मारला तर नुसतं खट् झालं.

तो खाली वाकला. ऑइलच्या चेंबरचा नट जागेवर नव्हताच. मागं डांबरावर काळी रेघ उमटत आली होती, लांबवर, दिसत होती तिथपर्यंत. ऑइल संपलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, तोही लागला नव्हता. कामासाठी त्याची वायर काढली होती ती पुन्हा जोडलेलीच नव्हती, इंजिनाच्या कडेला लोंबत होती. भानुदास भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसला. वायरीचं टोक बोटांत धरून तो किती वेळ तसाच बसला हे त्यालाही कळलं नाही.

बागायतदार दुसरी गाडी घेऊन आला. क्रेट इकडून तिकडं करताना माल मुका मार खाऊन गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, "भानुदास, गाडी बघून तरी आणायची." त्या बागेतून पुन्हा फोन आला नाही.

टो करून ट्रक गॅरेजवर आणला, तेव्हा तिथं गिऱ्हाइकं होती, शेजारच्या दुकानांतली माणसं होती. भानुदास भांडायला आला नव्हता. तात्या आपल्या चुकीचं आपणच बोलतील, याची त्याला इतकी खात्री होती, की वाटेत त्यानं उलट त्यांची समजूत कशी काढायची याचीच जुळणी केली होती.

"अविराज, नट सैल ऱ्हायला होता बाबा," तो म्हणाला. "वायर बी जोडली न्हाय. बघ की खाली."

अविराजनं वाकूनही बघितलं नाही. "काका, आमच्याकडनं गाडी गेली तवा नट टाईट होता. तुमी ऑइल न बघता पळवली."

"तात्यांना इचार की. त्यांनीच काम केलंय."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या. तात्या पंच्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"तात्या, बोला की," भानुदासचा आवाज चढला.

तेवढ्यानं अविराज पुढं आला. "आवाज खाली. का आता केस टाकताय आमच्यावर? तुमा लोकांचं बरं हाय, जरा काय झालं की कायदा हायच तुमच्या बाजूनं."

कुणीतरी फिसकन हसलं. भानुदासच्या कानांत उकळतं तेल ओतावं तसं झालं. तो नटाबद्दल बोलत होता. जातीचा शब्द त्याच्या मनातही नव्हता. आणि तात्या ऐकत होते. कमी दिसत असलं, तरी त्यांना ऐकू चांगलं येत होतं.

तो बाहेर पडला.

अंजली म्हणाली, "ग्राहक मंचात जाऊ. नट सैल होता तर होता, आपण खोटं कुठं बोलतोय?"

"गेलो तर तो म्हणंल, बघा, बोललो हुतो ना," भानुदास म्हणाला. त्या एका वाक्यानं अविराजनं त्याचं तोंड बांधून टाकलं होतं. नवं इंजिन बसवणं झेपणारं नव्हतं. ट्रक तुकड्यांनी गेला, बॉडी एकाला, टायर एकाला. भानुदास एका डेअरीच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मोहनतात्या एसटीनं सांगवीला आले, एकटेच. रस्ता चाचपत दारापर्यंत आले. अंजलीनं खुर्ची दिली, हातात चहा दिला आणि ती आत गेली.

"भानू," तात्या म्हणाले, "नट माज्याच हातनं सैल ऱ्हायला. मला तवाच ठावं हुतं. रातची झोप लागंना."

भानुदास टँकरवर जायला निघाला होता. तो उंबऱ्यावर बसला. "हे तितं चार माणसांत बोलायचं हुतं, तात्या."

"पोराचं गॅरेज हाय रं. माणसं म्हणली असती, म्हातारा गाड्या बिघडवतुया."

"आन् मला जे म्हणलं?"

तात्यांनी मान खाली घातली. "पोरगं हाय. तोंडातनं गेलं त्याच्या. तू मनात ठिवू नगंस."

भानुदास उठला. बाहेर लावलेली मोटरसायकल त्यानं स्टँडवरून उतरवली. "मला कामाला जायला उशीर झाला तरी चालंल. बसा मागं. गॅरेजवर जाऊ, आत्ता बोलला तेवढंच तितं बोला. मला बाकी काय बी नको."

तात्यांनी गाडीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. चहाचा कप खाली ठेवला.

"साडेआठची एसटी हाय का रं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हाय," भानुदास म्हणाला.

त्यानं त्यांना हात धरून फाट्यापर्यंत पोचवलं, कारण रस्त्यावर खड्डे होते आणि म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. गाडीत चढवून दिलं. तात्या खिडकीतून काहीतरी म्हणाले, पण भानुदास तोवर माघारी वळला होता.

पुढच्या एप्रिलला जयंतीच्या जेवणाला तात्यांना बोलावणं गेलं नाही. अंजलीनं एकदा विचारलं, "तात्यांना सांगायचं का?" भानुदासनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.