मागच्या डाव्या चाकाखालचे चार तुकडे

"चार? मॅटचे चार तुकडे उचकटलेत तुम्ही, बाबा?"

"चारच. बाकीचे आहेत ना जागच्या जागी?"

"वर तोंड करून सांगताय! अख्खा रविवार रांगत रांगत बसवलेत मी ते. माझे गुडघे अजून बोलतायत."

"मग त्यांना जरा गप्प बसव. फोन लावतोय मी."

फोन वाजत होता, पलीकडून कोणी उचलत नव्हतं. मिस्त्रींनी तो कानावरून काढला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर पाहिला आणि परत लावला. शटरपासून कपाटापर्यंत सात पावलं, कपाटापासून शटरपर्यंत सात. सकाळपासून त्यांची हीच येरझार चालली होती.

बस आगारात एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला हा माणूस. निवृत्त झाला आणि घराच्याच गॅरेजात शेजारपाजारच्या गाड्या बघू लागला. गाडी आली की आधी तासभर उभी करायची, मग पुढे ढकलायची आणि उघड्या सिमेंटवर काय ठिबकलंय ते बघायचं. काळा थेंब इंजिनाचा, हिरवा रेडिएटरचा, लालसर गिअरबॉक्सचा. पिवळट, पाण्यासारखा पण बोटाला बुळबुळीत लागला, तर ब्रेकचा. थेंब नसला की मिस्त्री हात झटकून म्हणायचे, "खाली कोरडं आहे. जा बिनधास्त!" गिऱ्हाइकांना तेवढं पुरायचं.

तीन महिन्यांपूर्वी मात्र अशाच सांडलेल्या ऑइलवरून ते घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. मुलगी दवाखान्यात प्लॅस्टरच्या खोलीत कामाला. प्लॅस्टर तिनेच घातलं, तिनेच कापलं आणि कापता कापता अट घातली: जमिनीवर मॅट पडली तरच गॅरेज उघडेल, नाहीतर किल्ली माझ्या पर्समध्ये. मिस्त्रींनी मान डोलावली. रबराचे काळे चौकोनी तुकडे आले, एकाचे दात दुसऱ्यात अडकवत भिंतीपासून भिंतीपर्यंत बसले.

"कोणाला फोन एवढा?" मुलीने विचारलं.

"बाईंना. शाळेतल्या."

"त्यांचा तर नुसता वायपर बदललात ना काल?"

"वायपरच." मिस्त्री थांबले. "गाडी दुपारभर इथे उभी होती. जाताना मी खाली बघितलं, म्हटलं कोरडं आहे, जा. आज त्या आईला घेऊन डोंगरातून उतरणार आहेत, गावाला."

"मग?"

"मग झोप लागेना. पहाटे येऊन तुकडे उचकटले. सांध्यातून खाली झिरपलंय." त्यांनी बोट पुढे केलं. "बघ. बुळबुळीत."

मुलीने बोट चोळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे दुसरंच काही आलं. "ब्रेक?"

तेवढ्यात फोन उचलला गेला.

"बाई! कुठे आहात? ... पंपावर? गाडी हलवायची नाही. अजिबात नाही! ... अहो, वायपर गेला खड्ड्यात! हँडब्रेक ओढा आणि आईंना खाली उतरवा. ... नाही, तुम्ही नका येऊ. मीच येतो."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. ते पाने शोधू लागले. चौदाचा सापडला, बाराचा सापडेना. तो समोरच्याच खिळ्यावर लटकत होता. मुलीने काढून हातात दिला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "काळी मॅट आणायलाच नको होती. हिच्यावर काय दिसणार?"

"तेच तर!" मिस्त्रींचा आवाज एकदम चढला. "तेच म्हणतोय मी! जमीन उघडी असती, तर एका नजरेत..."

"बरं बरं. हे चार राहू देत असेच." ती वाकली आणि भिंतीला टेकवलेले तुकडे बाजूला सरकवायला लागली. एक तुकडा हातात तसाच राहिला. तिने तो शटरच्या उजेडाकडे तिरका धरला. मग दुसरा उचलला, तोही धरला.

"बाबा."

"काय?"

"वरसुद्धा आहे की."

मिस्त्री पिशवीची चेन ओढत होते. ती मध्येच अडकली.

"इथून इथपर्यंत ओघळ आहे. वीतभर. काळ्यावर उलट चकाकतोय." तिने तुकडा त्यांच्यासमोर धरला. जवळ, आणखी जवळ. मिस्त्री बघत राहिले. त्यांना नुसता काळा तुकडा दिसत होता.

"काल वाकून बघितलंत ना तुम्ही?" तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. प्लॅस्टरच्या खोलीत ती असंच विचारायची, इथे दुखतं का, आणि इथे? "बाबा, खरं सांगा. मॅटमुळे नाही दिसलं, की..."

मिस्त्रींनी अर्धी उघडी पिशवी डाव्या खांद्यावर टाकली, शटरखालून मान वाकवली आणि पंपाच्या रस्त्याला लागले.