ताटाले लिव्हर असते का?

गरोदरपणातल्या तपासणीत ताईला हिपॅटायटिस बी निघाला, आणि अमडापूरला तिच्या सासरी सगळ्यात आधी काय झालं? तिचं ताट वेगळं झालं! काठाला खिळ्यानं खूण करून. बाळाचं काय, हे कोणी विचारलं नाही. मी आरोग्यावर पत्रकं लिहितो, चौकात उभा राहून वाटतो, आणि माझ्याच बहिणीच्या घरी ही तऱ्हा.

मेहकरहून मिळेल त्या गाडीनं गेलो आणि तिच्या सासूबाईंना दारातच विचारलं, "मावशी, ताटाले लिव्हर असते का?"

"आँ?"

मग बसून सांगितलं. हा विषाणू फुकट्या आहे. स्वतःच्या बळावर एकाचे दोन व्हायची त्याची ऐपत नाही. यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या, पेशीवर पित्तातले क्षार आत घेणारं एक प्रथिन असतं. हा त्यालाच धरून आत घुसतो, पेशीच्या गाभ्यात ठाण मांडतो. मग पेशीनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेली प्रथिनं याच्या नकला काढत बसतात. राबायचं पेशीनं, वंश वाढायचा याचा! ताटात, पेल्यात त्याच्यासाठी राबणारं कोण आहे? भीती रक्ताची. बाळंतपणात आईचं रक्त बाळाला लागतं, जपायचं ते तिथं.

"शिकला हायेस, बोलशीनच," मावशी म्हणाल्या. ताट वेगळंच राहिलं.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगा झाला. झाल्याबरोबर त्याला दोन सुया दिल्या, एक लसीची, एक तयार प्रतिपिंडांची. ही प्रतिपिंडं विषाणूला वाटेतच घेरतात, त्या प्रथिनापर्यंत त्याला पोचूच देत नाहीत. मावशी नातू पाहायला आल्या आणि भांडल्या, "पाचवी व्हाच्या आधी सुया कायले टोचल्या माह्या नातवाले?" मीही भांडलो. ताई तेवढी बाळाला पाजत राहिली. डॉक्टरांनी पाज म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या लसी वेळेवर झाल्या. पण लागण झाली की नाही, हे वर्षाच्या आसपास रक्त तपासल्यावरच कळणार होतं. तोवर ताई रोज त्याला उजेडात नेऊन डोळे पाहायची, पिवळे तर नाहीत? मी म्हणालो, "अगं, तान्ह्या बाळात तो लपूनच राहतो, डोळ्यांत दिसत नाही." पत्रकात चालतं हे वाक्य. बहिणीला सांगायचं नसतं.

जावळ सासरी काढायचं ठरलं. रिपोर्ट त्याच दिवशी येणार होता. भाचा मामाच्या, म्हणजे माझ्या मांडीवर, समोर सलूनवाले काका, हातात वस्तरा. मोबाईल वाजला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"ताई, नाही त्याला."

एवढंच निघालं तोंडातून. ताई हसायला लागली, मग रडायला.

काकांनी वस्तरा पाण्यात बुडवला. मी ओरडलो, "थांबा! ब्लेड नवं लावा."

"आता कायले बे? पोट्टं तं साफ निंगालं ना!"

"म्हणूनच! मांगच्या गिऱ्हाइकापासून त्याले जपाचं हाये."

मावशींनी संधी साधली. "काऊन रे, ब्लेडले लिव्हर असते का?"

सगळं अंगण हसलं. माझीच घोषणा, माझ्याच तोंडावर!

"नसते, मावशी. पण ब्लेड विषाणूला रक्तापर्यंत पोचवते. ताट नाही पोचवत."

मावशी काकांना म्हणाल्या, "लावा हो नवं."

ब्लेडचा कागद फाटला, नवं पातं चढलं, केस पडू लागले आणि भाच्यानं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं. ताईच्या तपासण्या चालू राहतील, तिचा आजार तिच्यापाशीच आहे. पण तिच्यापुढे, बाळापर्यंत गेला नाही.

जेवायला बसलो तर खूण केलेलं ते ताट मावशींनी माझ्यापुढं ठेवलं. ताईला चारचौघींसारखंच दिलं.

"जेव," त्या म्हणाल्या, "अन् सापडलं तं सांग त्याचं लिव्हर."

मी भात दोनदा मागून घेतला.