राब भाजल्याचा गुन्हा

"कान धर. दोन्ही हातांनी धर. आणि मोठ्यानं म्हण."

शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या मॅडम मला सांगत होत्या. वय माझ्या लेकीएवढं, आणि मला अगं-तुगं. समोर अख्खा पाडा बसलेला, त्यात माझी सून. आणि मी, दोन नातवंडांची आजी, कान धरून म्हणाले, "मी राब भाजणार नाही. माझ्यामुळं पाऊस बिघडला." लोक हसले. मॅडमनी फोटो काढला.

का म्हणाले? बियाण्यासाठी! पाऊस आठ दिवस पडला नि गायब. नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं वाफ्यातच करपली. दुसऱ्या पेरणीला घरात दाणा नाही, मोखाड्याच्या बाजारात बी मिळेना. मॅडमच्या गाडीत पिशव्या होत्या. जो कान धरेल, कागदावर सही करेल, त्यालाच पिशवी.

राब म्हणजे आमची पेरणीआधीची रीत. पालापाचोळा, शेण पसरायचं नि भाजायचं. त्या राखेत रोप जोमानं येतं. मॅडम म्हणे, त्याच्या धुरानं पाऊस बिघडतो. आज्या-पणज्यांनी हेच केलं. तेव्हा पाऊस वेळेवर यायचा की नाही?

पिशवी घ्यायला गाडीपाशी गेले. गाडी चालूच! सभा संपेस्तोवर इंजिन घुर्र घुर्र. आत ड्रायव्हर गारव्यात झोपलेला, बाहेर गरम वाफ माझ्या पायांवर.

विचारलं, "मॅडम, ह्या धुरानं नाही का पाऊस बिघडत?"

"तुला नाही कळायचं ते. सही कर."

डोकंच फिरलं माझं. सातवी शिकलेय मी. कागद वाचला. 'आमच्या अज्ञानामुळे हवामान बिघडले.' आमच्या? घरात एक दिवा, एक पंखा, तोही निम्मा वेळ बंद. आणि पाप आमच्या माथी!

हातात दिलेली पिशवी गाडीत परत टाकली. "नको तुमचं बी."

सून घाबरली. "आई, पोरांना काय घालणार?"

खरं होतं तिचं. तरी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी साखरशेतला नणंदेकडं चालत गेले, तिच्या कणगीतली नागली मागून आणली. तेवढ्यात निम्मंच रान लागलं. बाकी पडीक आहे. वर्ष ओढगस्तीचं जाणार.

मॅडम पुन्हा येणार आहेत म्हणे. येऊ देत. सभेत पहिली मी उभी राहणार नि सांगणार, आधी तुमच्या शहराच्या धुराचा कागद आणा, त्यावर तुम्ही सह्या करा. बियाणं हक्कानं मागणार आहे, गुन्हेगार म्हणून नाही. आणि माझ्या पाड्यातल्या एकाही बाईला पुन्हा कान धरायला सांगितलंत, तर सगळ्या बाया रस्त्यावर बसू. गाडी हलू देणार नाही.